देवगडच्या आंबा हंगामात एक्सप्रेस-जेडब्ल्यूटी: वापरानंतरचा अनुभव

देवगड तालुक्यातील काही बागायतदारांनी मिळून आंब्याच्या नोंदीसाठी एक छोटी यंत्रणा उभी केली आहे. कोणत्या बागेतून किती क्रेट उतरले, त्यांची वर्गवारी काय झाली, किती पेट्या वाशीला गेल्या आणि किती थेट गिऱ्हाइकाकडे, एवढाच तिचा व्याप आहे. सर्व्हर भाड्याने घेतलेला आहे, तो नोड जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि तिच्यावरच्या एक्सप्रेस या वेब-चौकटीवर चालतो, आणि आलेल्या प्रत्येक विनंतीचे टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास, तपासण्याचे काम एक्सप्रेस-जेडब्ल्यूटी हे मिडलवेअर (विनंती आणि आपला कोड यांच्या मध्ये बसणारा तुकडा) करते. मोहोर फुटण्याच्या सुमारास ते बसविले, अक्षय तृतीयेची गर्दी त्याने पाहिली, आणि आता पावसाळा लागून बागा मोकळ्या झाल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. तपासणीचे काम हे मिडलवेअर चोख करते, परंतु लॉगिनच्या व्यवस्थेतला जो भाग आमच्यासारख्या ठिकाणी खरा त्रास देतो तो त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि तो भाग आपल्यालाच लिहावा लागणार आहे हे गृहीत धरूनच त्याची निवड करावी.

जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) या टोकनाचे स्वरूप मे २०१५ मध्ये आरएफसी ७५१९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने निश्चित झाले. शीर्ष, मजकूर आणि स्वाक्षरी असे टिंबांनी जोडलेले तीन तुकडे त्यात असतात. मिडलवेअर स्वाक्षरी जुळते का आणि मुदत उलटली आहे का हे पाहते, सांगितले असल्यास टोकन कोणी दिले व कोणासाठी दिले हेही पडताळते, आणि सर्व ठीक असल्यास आतला मजकूर विनंतीवर ठेवून पुढच्या कोडकडे सोपवते. यासाठी डेटाबेसला काहीही विचारावे लागत नाही. एसटीच्या पासावर कंडक्टर शिक्का आणि तारीख पाहतो, आगारात फोन लावत नाही, तसाच हा प्रकार आहे. आणि म्हणूनच मधल्या काळात पास रद्द झाला असेल तर ते कंडक्टरला कळत नाही, ही त्याची दुसरी बाजूही त्यातच आली.

बसविण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. गुप्त किल्ली आणि चालणाऱ्या अल्गोरिदमांची (स्वाक्षरीच्या गणिती पद्धतींची) यादी एवढे दोनच पर्याय सक्तीचे आहेत, आणि त्यातली दुसरी सक्ती मला विशेष आवडली. टोकन कोणत्या अल्गोरिदमने तपासायचे हे टोकनाच्याच शीर्षात लिहिलेले असते, आणि तपासणाऱ्याने त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर फसवणुकीला वाव मिळतो. अल्गोरिदम ‘नन’ असे लिहून स्वाक्षरीच गाळलेली टोकने, किंवा आरएसए या दोन किल्ल्यांच्या पद्धतीतली सार्वजनिक किल्ली एचमॅक या एकाच किल्लीच्या पद्धतीतली गुप्त किल्ली म्हणून वापरून बनविलेली टोकने काही लायब्ररी स्वीकारतात हे २०१५ मध्येच उघड झाले होते. एक्सप्रेस-जेडब्ल्यूटीच्या ५.३.३ पर्यंतच्या आवृत्त्यांत ही यादी देणे ऐच्छिक होते; २०२० मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ती दिल्याशिवाय ते सुरूच होत नाही. आमच्याकडे टोकन देणारा आणि तपासणारा सर्व्हर एकच असल्यामुळे एचएस२५६ हा एचमॅकचा प्रकार पुरेसा आहे. त्यासाठी किल्ली किमान २५६ बिटांची असावी असे मानकच सांगते, तेव्हा गावाचे नाव आणि पिनकोड जोडून किल्ली बनवण्याचा मोह टाळावा. किल्लीच्या जागी फंक्शन देता येते, त्यामुळे शीर्षातला किल्ली-क्रमांक पाहून जुनी किंवा नवी किल्ली निवडण्याची सोय झाली, आणि हंगामाच्या मध्यावर किल्ली बदलूनही कोणाचे लॉगिन तुटले नाही.

जुने लेख वाचून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. सातव्या आवृत्तीपासून उलगडलेला मजकूर ‘रिक्वेस्ट.यूझर’ऐवजी ‘रिक्वेस्ट.ऑथ’ या जागी मिळतो, आणि किल्ली देणारे व टोकन रद्द झाले आहे का हे पाहणारे फंक्शन उत्तर कॉलबॅकने (शेवटी हाक मारायच्या फंक्शनने) न देता प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) परत देते. इंटरनेटवरची पुष्कळशी उदाहरणे अजून जुन्याच पद्धतीची आहेत. ती जशीच्या तशी उतरवून घेतली तर वापरकर्ता सापडत नाही आणि दोष टोकनाचा आहे असे वाटत राहते.

काही मार्ग तपासणीतून वगळण्यासाठी ‘अनलेस’ नावाची सोय आहे. ती दिसायला सुटसुटीत आहे, पण मी ती पुढे काढून टाकली. मार्ग साध्या अक्षरांत दिला तर तो तंतोतंत जुळावा लागतो. शेवटी तिरकी रेघ असलेला लॉगिनचा पत्ता एक्सप्रेसला चालतो, मात्र वगळणीच्या यादीत बसत नाही आणि लॉगिन करायला आलेल्या माणसालाच टोकन मागितले जाते. हे निदान सुरक्षित बाजूचे बिघडणे आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा साचा) सैल लिहिली, म्हणजे तिला आरंभाची खूण लावली नाही, तर उलट होते आणि तो शब्द पत्त्यात कुठेही असलेला प्रत्येक मार्ग उघडा पडतो. त्यापेक्षा उघडे मार्ग एका राउटरमध्ये (मार्गांच्या गटात) आणि बंद मार्ग दुसऱ्यात ठेवून मिडलवेअर फक्त दुसऱ्यावर लावले, की कोड वाचणाऱ्याला काय कुलूपबंद आहे ते एका नजरेत दिसते.

एका ठिकाणी उघडे आणि बंद यांच्या मधली अवस्था हवी होती. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पेटी नेमकी कुठल्या बागेतली हे गिऱ्हाईक आवर्जून विचारते, म्हणून प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड असतो. तो गिऱ्हाइकाने पाहिला तर बाग आणि तोडणीची तारीख दिसते, बागायतदाराने पाहिला तर दरही दिसतो. टोकन ऐच्छिक करणारा पर्याय यासाठीच आहे. मात्र टोकन नसेल तर तो जाऊ देतो, मुदत संपलेले टोकन असेल तर अडवतोच. त्यामुळे अनोळखी गिऱ्हाइकाला पान दिसे आणि बागेच्या मालकालाच ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ हा नकार, मिळे. मुदत संपल्यावर चालणारे ‘ऑनएक्स्पायर्ड’ फंक्शन लिहून यातून वाट निघते, पण तिथे केवळ परत फिरले तर संपलेल्या टोकनाचा मजकूर खराच मानला जातो. म्हणून त्या फंक्शनमध्ये विनंतीवर खूण करून ठेवली आणि पुढे दर दाखवण्यापूर्वी ती खूण पाहिली जाते.

आता मुख्य अडचण. बाग कड्यावर असो की खाडीच्या अंगाला, मोबाइलची रेंज भरवशाची नसते. मुकादम सकाळी क्रेटची नोंद फोनवर करत जातो, नोंदी फोनमध्येच साठतात, आणि दुपारी पॅकिंग शेडमध्ये आल्यावर सर्व एकदम सर्व्हरकडे जातात. ॲक्सेस टोकन पंधरा मिनिटांचे ठेवले तर शेडमध्ये पोहोचेपर्यंत ते केव्हाच संपलेले असते. दिवसभराचे ठेवले तर फोन हरवल्यास दिवसभर दार उघडे राहते. यावर रूढ उपाय म्हणजे छोटे ॲक्सेस टोकन आणि ते नवे मिळवण्यासाठी दीर्घ मुदतीचे रिफ्रेश टोकन. एक्सप्रेस-जेडब्ल्यूटी रिफ्रेशच्या वाटेला जात नाही, टोकन देतही नाही, फक्त तपासते. त्यामुळे हा सारा भाग आम्ही लिहिला.

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९७०० नुसार फोनवरच्या ॲपसारख्या, ज्यांच्यापाशी स्वतःचे गुपित सुरक्षित राहू शकत नाही अशा ग्राहकांसाठी रिफ्रेश टोकन एक तर त्या ग्राहकाशी बांधलेले असावे किंवा दर वापराला बदलावे. बदलण्याची पद्धत अशी, की जुने टोकन दिले की नवे मिळते आणि जुने बाद होते; बाद झालेले टोकन पुन्हा आले तर ते चोरीचे समजून ती सगळी साखळी रद्द करायची. शहरातल्या चांगल्या नेटवर्कवर हे उत्तम चालते. आमच्याकडे होते असे, की फोन जुने टोकन पाठवतो, सर्व्हर नवे तयार करून जुने बाद करतो, आणि उत्तर वाटेतच हरवते, कारण तेवढ्यात माणूस कलमांच्या आड गेलेला असतो. फोनच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, म्हणून तो तेच जुने टोकन पुन्हा पाठवतो आणि प्रामाणिक मुकादम चोर ठरून बाहेर फेकला जातो. हातांना चीक लागलेला, तोडणीच्या घाईतला माणूस पासवर्ड घालत बसत नाही. तो वहीत लिहू लागतो, आणि यंत्रणा संपली.

यावर तोडगा म्हणून बाद झालेल्या टोकनाला थोडी सवलत दिली. नव्या टोकनाने एकही विनंती अजून आलेली नसेल आणि काही मिनिटांच्या आत जुनेच पुन्हा आले, तर ते चोरीचे न मानता दुसरे नवे टोकन द्यायचे. नव्याचा वापर सुरू झाल्यानंतर जुने उगवले तर मात्र साखळी तोडायची. सुरक्षेचे काटेकोर जाणकार यावर नाक मुरडतील, आणि चोराने त्याच काही मिनिटांत टोकन वापरले तर ते निसटेल हे खरेच आहे. क्रेटच्या नोंदींसाठी मला तो धोका परवडतो. बँकेसाठी परवडला नसता. फोनच्या घड्याळाचाही यात हात असतो. मुदत सर्व्हरच्या घड्याळाने तपासली जाते, पण टोकन संपले का हे ॲप फोनच्या घड्याळावरून ठरवू लागले तर वेळ चुकलेला फोन चांगले टोकनही टाकून देतो. म्हणून ॲप अंदाज बांधत नाही. सर्व्हरने ४०१ दिले की मगच रिफ्रेश करते.

रद्द करण्यासाठी मिडलवेअरमध्ये ‘इजरिव्होक्ड’ हा पर्याय आहे. हंगामापुरते आलेले गडी मे महिन्याच्या अखेरीस परततात, कोणाचा फोन विकला जातो, कोणी मध्येच दुसऱ्या बागेत कामाला लागतो. तेव्हा एखाद्याचे टोकन ताबडतोब बंद करता आले पाहिजे. या पर्यायात दिलेले फंक्शन प्रत्येक विनंतीला चालते, म्हणजे डेटाबेसला न विचारण्याचा जो लाभ वर सांगितला तो इथे सोडावा लागतो. आम्ही मधला मार्ग घेतला. दर, बिल आणि वापरकर्त्यांची यादी या मार्गांवर रद्दबातल तपासणी आहे. क्रेटच्या नोंदीला नाही, तिथे पंधरा मिनिटांत टोकन आपोआप मरते यावर भागवले.

चलनाच्या पीडीएफने वेगळीच अडचण आणली. दुवा नव्या खिडकीत उघडला की ब्राउझर ऑथोरायझेशन हेडर पाठवत नाही. टोकन पत्त्यातून वाचण्याची सोय ‘गेटटोकन’ फंक्शनने करता येते, आणि ती मोहात पाडणारी आहे. मात्र पत्त्यातले टोकन सर्व्हरच्या नोंदवहीत, ब्राउझरच्या इतिहासात आणि कोणी दुवा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला तर ड्रायव्हरांच्या सगळ्या गटात पोहोचते. त्यामुळे चलनासाठी वेगळे, एका मिनिटाचे आणि एकाच चलनापुरते टोकन देतो. टोकन कोणासाठी दिले ही नोंद त्यात वेगळी लिहिलेली असल्याने ते दुसऱ्या कुठल्याही मार्गावर चालत नाही.

टोकनातला मजकूर स्वाक्षरीबद्ध असतो, गुप्त नसतो, तो कोणालाही उलगडून वाचता येतो. आमच्या टोकनात वापरकर्त्याचा क्रमांक, भूमिका आणि बागेचा क्रमांक याखेरीज काही नाही. वेगाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. एचमॅकची तपासणी इतकी हलकी आहे की ती मोजण्यात कधी दिसलीच नाही.

चुकांचे उत्तर मात्र स्वतः लिहावे. नाकारलेली विनंती ‘अनऑथोराइज्ड एरर’ होऊन एक्सप्रेसच्या चुका-हाताळणीकडे जाते, आणि तिथे आपले चार पॅरामीटरचे फंक्शन नसेल तर ॲपला समजणाऱ्या जेसन स्वरूपातल्या उत्तराऐवजी एचटीएमएलचे पान मिळते. चुकीबरोबर टोकन नव्हते, बिघडलेले होते की रद्द होते हे सांगणारा संकेत येतो. त्यावरून ॲपमध्ये मराठी संदेश दाखवता आले, आणि ‘फोन बिघडला’ असे सांगणारे फोन बरेच कमी झाले.

ज्यांची यंत्रणा एकाच पत्त्यावरचे संकेतस्थळ आहे, ॲप नाही आणि वापरकर्ते टेबलापाशी बसलेले आहेत, त्यांनी टोकनाच्या मागे लागू नये. कुकीवर चालणारे साधे सेशन त्यांना पुरते, आणि लॉगआउट केले की ते खरोखरच संपते. आमच्या हिशेबाच्या पानावर आजही तेच आहे, आणि पुढच्या मोहोरापर्यंत ते बदलण्याचा विचार नाही.