शेतातून तेलाची लाईन गेलेली बरी का रस्त्यानं टँकर गेलेले बरे?

फलटणच्या पाहुण्यांनी विचारलं, लाईनला जमीन द्यावी का, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

आधी टँकर. मामांची जमीन खंबाटकी घाटाच्या खाली आहे, तिथं एकदा डिझेलचा टँकर पलटी झाला. टँकरला आत कप्पे असतात त्यामुळं सगळं सांडलं नाही, पण रस्ता निसरडा झाला म्हणून पाणी मारून धुतला आणि ते सगळं गटारातनं ओढ्याला आणि ओढ्यातनं मामांच्या विहिरीला. पाण्यावर रंगीत तवंग, बादली खाली सोडली की कडेला तेलकट वळ, आणि म्हशी तोंड लावून मागं सरायच्या. आल्याचा प्लॉट त्या वर्षी गेलाच. तरी एक आहे, टँकर पडला की लगेच दिसतो आणि साधारण वीसेक हजार लिटरचा मामला असतो. पण असे टँकर रोज किती जातात ते मोजा, शिवाय घाट चढताना स्वतः धूर ओकतात तो वेगळाच.

लाईनचं उलटं आहे. ट्रॅफिक नाही, धूर नाही, अपघात कमी, पण फुटली तर जमिनीखाली फुटते आणि कळायला वेळ लागतो. अमेरिकेत मिशिगनमध्ये 2010 साली लाईन फुटली, कंट्रोल रूमला अलार्म वाजत होते तरी 17 तास तेल वाहत राहिलं, 30 लाख लिटरच्या वर कलामझू नदीत गेलं आणि ते जड तेल तळाला बसलं. आणि लांब कशाला, 2021 ला फलटण तालुक्यातल्याच सासवडला चोरट्यांनी मुंबई-पुणे-सोलापूर लाईन फोडली तेव्हा पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरलं होतं. पेट्रोलमधलं बेंझिन नावाचं विषारी रसायन पाण्यात विरघळतं, नुसता तवंग काढून भागत नाही.

तेलाच्या पाईपलाईनसाठीच्या 1962 च्या कायद्यानं जमीन तुमच्याच नावावर राहते, जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते, पण लाईनच्या पट्ट्यात विहीर, घर, झाड काही करता येत नाही. खोदताना वरची काळी माती मुरमात मिसळू देऊ नका, वेगळी काढायला लावा, नायतर तो पट्टा पुढं पिकत नाही.

मला विचाराल तर लाईनच बरी, पण विहिरीला खेटून अजिबात नको. जवळचा व्हॉल्व कुठं आहे, गस्तीला माणूस किती दिवसांनी येतो आणि वास आला तर फोन कुणाला करायचा, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि काम सुरू व्हायच्या आधी विहिरीचं पाणी लॅबमधून तपासून रिपोर्ट घरात ठेवा, उद्या काही झालं तर आधी पाणी चांगलं होतं हे दाखवायला तेवढाच कागद असतो.