कॅलिफोर्नियातली लैंगिक गुन्हेगार नोंदणी: कोणत्या कागदाने नाव निघतं, कोणत्याने नाही

कॅलिफोर्नियात लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. १९४७ पासून ती जन्मभराची होती. १ जानेवारी २०२१ पासून तीन टियर (श्रेणी) आले. पहिल्यात किमान १० वर्षं (साधा, मिसडिमिनर म्हणजे कमी गंभीर स्वरूपाचा लैंगिक स्पर्शाचा गुन्हा, अंगप्रदर्शन), दुसऱ्यात २०, तिसऱ्यात आजन्म. मुदत भरली म्हणून नाव आपोआप निघत नाही, ते कोर्टाकडून काढून घ्यावं लागतं. त्यासाठी चार कागदांची नावं कानावर येतात, पण त्यांतले दोन नोंदणीच्या बाबतीत निरुपयोगी आहेत.

पहिला निरुपयोगी कागद म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतल्या कलम १२०३.४ खाली दोषसिद्धी रद्द करून घेणं. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली काढायची मुदत) नीट पार पडलं असेल तर ते मिळतं आणि खासगी नोकरीच्या अर्जात त्याचा फायदाही होतो. नोंदणी मात्र कायम राहते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. लहान मुलांवरच्या बऱ्याच गुन्ह्यांत तर हा आदेश मिळतच नाही.

दुसरा, पुनर्वसनाचं प्रमाणपत्र. पूर्वी काही गुन्ह्यांत त्याने नोंदणी सुटायची, म्हणून जुने सल्ले अजून तेच सांगतात. १ जुलै २०२१ पासून मिळालेल्या प्रमाणपत्राने ती सुटत नाही. त्याचा खरा उपयोग एवढाच की तेच गव्हर्नरकडे माफीचा अर्ज म्हणून पुढे जातं.

गव्हर्नरची पूर्ण माफी मिळाली तर नोंदणी संपते. पण ती सर्वस्वी मर्जीवर असते, तिला कालमर्यादा नाही, आणि एकाहून अधिक फेलनी (गंभीर गुन्हे) असतील तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाची शिफारसही लागते. तिसऱ्या टियरमधल्या बहुतेकांना मात्र हीच एक वाट उरते.

पहिल्या आणि दुसऱ्या टियरसाठी रस्ता एकच: कलम २९०.५ खाली सुपीरियर कोर्टात अर्ज, फॉर्म सीआर-४१५. अर्ज ज्या काउंटीत (जिल्ह्यात) नोंदणी आहे तिथेच करायचा. सोबत चालू नोंदणीचा पुरावा लागतो. तो पोलिसांकडून आधीच घेऊन ठेवावा. नोटीस नोंदणी करणाऱ्या पोलिसांना आणि तिथल्या डिस्ट्रिक्ट अटर्नीला (सरकारी वकिलाला) बजावायची. शिक्षा दुसऱ्या काउंटीत झाली असेल तर तिथल्या दोघांनाही. यातली एक नोटीस राहिली तरी अर्ज अडतो.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. मुदत शिक्षेच्या नव्हे, कोठडीतून सुटल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि ती भरल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाआधी अर्ज करता येत नाही. फेब्रुवारीत १० वर्षं भरली आणि वाढदिवस नोव्हेंबरात असेल तर नोव्हेंबरापर्यंत थांबायचं. नोंदणी चुकवल्याची शिक्षा झाली असेल तर मुदत वाढते: मिसडिमिनरला १ वर्ष, फेलनीला ३. प्रोबेशन किंवा पॅरोल चालू असताना अर्ज चालत नाही.

अर्जानंतर पोलिसांना अहवालासाठी ६० दिवस, मग डिस्ट्रिक्ट अटर्नीला सुनावणी मागायला आणखी ६०. त्यांनी हरकत घेतली तर प्रश्न एकच असतो: नोंदणी चालू ठेवल्याने लोकांची सुरक्षितता लक्षणीय वाढेल का? गुन्ह्याचं स्वरूप, पीडितांची संख्या आणि वय, पीडित अनोळखी होती का, मधल्या काळातली वागणूक, उपचार पूर्ण केले का, हे सगळं तपासलं जातं. हे प्रश्न पीडितांच्या बाजूने विचारले जातात आणि तसेच विचारले जायला हवेत. म्हणून प्रतिज्ञापत्रात गुन्हा सौम्य करून सांगू नये. उपचाराची प्रमाणपत्रं जोडावीत. अर्ज फेटाळला तर पुन्हा किमान १ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं थांबावं लागतं. घाईत केलेला कच्चा अर्ज म्हणूनच महागात पडतो.

आदेश हातात येईपर्यंत दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास ५ कामाच्या दिवसांत, आणि पत्ता बदलल्यावरही ५ कामाच्या दिवसांत नोंदणी चालूच ठेवायची. राज्य सोडलं तर नव्या राज्याचा कायदा लागतो. कॅलिफोर्नियाचा आदेश तिथे आपोआप चालत नाही.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोंदणी संपली तरी दोषसिद्धी राहते आणि इमिग्रेशन खातं तीच पाहतं; १२०३.४ चा आदेशही तिथे सहसा चालत नाही. अल्पवयीनाविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या, नागरिक असलेल्या मुलालाही आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येत नाही. २००६ च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो अडतो, सरकारने धोका नाही असं ठरवलं तरच पुढे सरकतो. माफीने हद्दपारीची काही कारणं टळतात, सगळी नाही. त्यामुळे नागरिकत्व नसेल तर २९०.५ चा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवावेत.