गणपती पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान

धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी शतावरी, बाळंतशेपा, हळीव, डिंक असं सामान घ्यायला सांगलीत गणपती पेठेत गेले होते. दूध यावं म्हणून शतावरीची पूड मागितली, तर दुकानदार काका म्हणाले, "ताई, मुळ्याच घ्या, घरी दळा. पुडीत काय मिसळलंय कुणाला कळतंय?" मुळ्या फिकट, सुरकुतलेल्या, कीड अजिबात नाही.

पण खरी परीक्षा अशोकाच्या सालीची. पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून सासूबाई तिचा काढा घ्यायच्या. बाजारात कंपाउंडला लावतात त्या सरळसोट, हिरवट फुलांच्या झाडाची सालसुद्धा अशोक म्हणून खपवतात. औषधाचा तो सीताअशोक, केशरी-लाल फुलांचा. काकांनी "सध्या खात्रीचा माल नाही" म्हणून गल्ल्यावरचं गिऱ्हाईक सोडलं! वर, "रक्तस्राव थांबत नसंल तर आधी डॉक्टरला दाखवा, काढा नंतर."

खटकलं ते एवढंच, की लोध्र (अंगावरून पांढरं जाण्यावर देतात ती साल) मागणाऱ्या एका पोरीला त्यांनी चार पुरुषांसमोर मोठ्यांदा विचारलं, "पांढरं जातंय का?" बिचारी लाल झाली. आत बायकांशी बोलायला एखादी बाई ठेवा की!

यूपीआय चालतं. गाडी मात्र लांब लावावी लागते.