जिप्सीची चिरलेली पेट्रोल टाकी : कथलाचा डाग दिल्यानंतरचे आठ महिने

माझी जिप्सी २००५ची, १.३ लिटर पेट्रोल. घर गोव्यात वाळपईजवळ, काजूची बाग डोंगरावर. शेवटच्या दोन किलोमीटरला रस्ता म्हणावा असं काही नाही, जांभ्याची चढण आणि मध्ये एक ओहोळ. मार्च ते मे रोज दोन खेपा, मागे बोंडूंचे (काजूच्या फळांचे) डबे. गेल्या मार्चमध्ये टाकीला चीर पडली, मेच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती झाली, आता जानेवारी चालू आहे. मध्ये सत्तरी तालुक्यातला अख्खा पाऊस गेला. तो गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सगळंच उत्तम वाटतं.

सुरुवात वासाने झाली. टाकी फुल केली की सकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास, अर्ध्याखाली आली की वास गायब. जमिनीवर थेंब नाही. पेट्रोल इतक्या पटकन उडून जातं की थोडीशी गळती ओली दिसतच नाही. टाकीच्या तोंडापासून येणारा रबरी पाइप जुना झाला असणार असं समजून तो आणि हवेची नळी दोन्ही बदलले. असल्या वासाचं नेहमीचं कारण तेच असतं. पण वास तसाच राहिला. मग लक्षात आलं की गाडी चढणीवर, तोंड वर करून उभी असली तर वास जास्त येतो. म्हणजे गळती टाकीच्या मागच्या अंगाला आणि अर्ध्याच्या वर असणार.

टाकीखाली आधीच्या मालकाने जाड पत्र्याचा गार्ड बसवून घेतला होता. तो उतरवला तेव्हा दोन पाट्या लाल चिखल पडला, आतून अजून ओला. टाकी पुसून, सुकवून मागच्या कडांवर पांढरा खडू घासला, टाकी पूर्ण भरली आणि टॉर्च घेऊन खाली पडून राहिलो. दहा मिनिटांनी खडूवर एक रेघ काळपट झाली. पेन्सिलीने ओढावी तशी, चारेक सेंटिमीटरची, गार्डची कड जिथे टाकीला टेकत होती बरोबर तिथेच. बोट फिरवलं तर काहीच लागत नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी ती मला कधीच सापडली नसती. खडूचा खर्च दोन रुपये, आणि त्याआधी पाइपांवर घातलेले पैसे वाया. वास आला की आधी खडू घासा.

मग माझ्याकडून चूक झाली. हंगाम चालू होता, गाडी उभी ठेवायची नव्हती, म्हणून बाजारातलं इपॉक्सी लावलं. तीन आठवडे टिकलं, मग कडेने पापुद्रा सुटला. पेट्रोल पाझरत असलेल्या पत्र्यावर ते धरत नाही, आणि टाकीचा पत्रा खड्ड्यागणिक थोडा लवतो, तसं लवणं कडक झालेल्या इपॉक्सीला जमत नाही. जुने ड्रायव्हर चिरेत साबणाची वडी घासतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे तो गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता उपयोगी पडतो. त्यापुढे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

शेवटी रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका मेस्तांकडे (कारागिराकडे) गेलो. वेल्डिंग मारून द्या म्हटल्यावर ते म्हणाले, "पयलीं टाकी भायर काडया, मागीर उलोवया." म्हणजे आधी टाकी बाहेर काढू, मग बोलू. टाकी न उतरवता डाग देणाऱ्याकडे जाऊच नये, हे आता मी ठामपणे सांगतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. भरलेलीत हवा कमी असते. रिकामीत उरलेल्या पेट्रोलची वाफ हवेत मिसळते, आणि हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. उणे चाळीस अंशाच्या थंडीतसुद्धा पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, आपल्याकडे तर मे महिना होता. ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकी नुसती उघडी ठेवून निघून जात नाही, तळाशी बसून राहते.

आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मोकळ्या अंगणात पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवलं, पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट बाहेर काढला. टाकी गरम पाणी आणि कपड्यांच्या पावडरीने चार वेळा खळखळवून धुतली. मग मेस्तांनी ती चीर वर येईल अशी उभी केली आणि चिरेच्या खाली दोन बोटांपर्यंत पाण्याने भरली, म्हणजे आत वाफेला जागा फारशी उरली नाही. पत्रा घासून चकचकीत केला, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे सरकणार नाही, आणि वर तळहाताएवढं पत्र्याचं ठिगळ ठेवून कथलाचा डाग दिला. डाग द्यायचं तांब्याचं जाड आयर्न वीसेक पावलं लांबच्या भट्टीत तापवून आणत होते, ज्वाला टाकीजवळ आणलीच नाही. तरीही धुण्याचा एक हात त्यांनी कमी केला नाही. त्यांचं काम बघत दुपारभर उभा होतो आणि त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे.

तपासणीला सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली आणि साबणाचा फेस लावला. कॉम्प्रेसर लावू दिला नाही. टाकीच्या सपाट बाजू फुगून वाकड्या होतात.

खरं काम त्यानंतरचं. चीर दगडाने पडली नव्हती. गार्ड आणि टाकी यांच्यामध्ये चिखल अडकून ओल धरत होता, पत्रा बाहेरून गंजून पातळ झाला होता, आणि गार्डची कड त्यावर घासत होती. तो गार्ड तसाच परत लावला असता तर शेजारीच दुसरी चीर पडली असती. म्हणून गार्ड जाड रबराच्या पट्ट्यांवर बसवून टाकीपासून बोटभर खाली घेतला, कडेला पाण्याचा जुना पाइप उभा चिरून चढवला, तळाला रुपयाएवढी सहा भोकं पाडली. आता ओहोळातून आलो की घरी पाइपने खालून पाणी मारतो, भोकांतून लाल पाणी निथळतं ते पांढरं होईपर्यंत.

आठ महिन्यांत वास एकदाही आला नाही. महिन्याला एकदा खडू घासतो, तो कोराच राहतो. तक्रारी दोन आहेत. धुताना आतला गंज सुटला आणि पहिल्या महिन्यात पेट्रोल फिल्टर दोनदा तुंबला, एकदा ऐन चढणीवर. टाकी धुतली की जास्तीचा फिल्टर डॅशबोर्डमध्ये ठेवाच. दुसरी, फ्लोटचा दांडा काढताना वाकला असावा. काटा पाव दाखवतो तेव्हा टाकीत त्याहून बरंच कमी असतं.

आतून सीलरचा थर लावायचा सल्ला पुष्कळांनी दिला. मी लावला नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते सोसेल असं डब्यावर लिहिलेला सीलर मला मिळाला नाही. थर सुटला तर सगळा फिल्टरमध्ये येईल. टॉर्चने आत बघितल्यावर एका जागीच खड्डे असतील तर ठिगळ पुरतं. सगळीकडे पुरळ उठल्यासारखा गंज दिसला असता तर मी पैसे साठवून नवी टाकीच घेतली असती.

मागच्या रविवारी गार्ड उतरवला होता. ठिगळ घट्ट आहे, पण उजव्या कोपऱ्यात रंगाखाली नखाएवढा फुगवटा दिसतोय. बोंडू पडायला लागण्याआधी तो खरवडून पुन्हा प्रायमर मारायचा आहे.