पर्यावरणासाठी आधी काय बदलावं? रोजच्या पर्यायांची समोरासमोर तुलना

पर्यावरणासाठी आपणही काहीतरी करावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यापुढे लगेच प्रश्न येतो की सुरुवात कुठून करायची. सल्ल्यांना तोटा नाही. चार्जर काढून ठेवा, कापडी पिशवी वापरा, मांसाहार कमी करा, विमान टाळा. सगळे सल्ले एकाच यादीत, एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं वजन सारखंच असेल. प्रत्यक्षात त्यांच्यात दहापट, वीसपट अंतर आहे. वेळ, पैसा आणि घरच्यांचा उत्साह या तिन्ही गोष्टी मोजक्याच असतात. तो उत्साह चुकीच्या जागी संपून गेला की पुन्हा उभा करणं अवघड जातं, म्हणून हे अंतर आधी पाहून घेतलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

सेथ वाइन्स आणि किम्बर्ली निकोलस या संशोधकांनी 2017 मध्ये विकसित देशांतल्या माणसांसाठी हा हिशेब मांडला. स्वतःची गाडी न ठेवता राहिलं, तर वर्षाला सुमारे 2.4 टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. अटलांटिक महासागरापलीकडची एक विमानफेरी, जाऊन-येऊन, टाळली तर 1.6 टन. आहार पूर्णपणे वनस्पतिजन्य केला तर 0.8 टन. कचरा वेगळा करून पुनर्वापराला दिला तर 0.2 टन, आणि घरातले दिवे बदलले तर 0.1 टन. ज्याच्याकडे मुळात गाडीच नाही त्याला पहिला आकडा लागू होत नाही, हे उघड आहे. पण सर्वांत जास्त बोललं जातं ते शेवटच्या दोन गोष्टींबद्दल, हे लक्षात घ्या.

दिवा बंद करणं की पाणी कमी तापवणं?

घरातली वीज कशाला लागते हे डोळ्यांना दिसत नाही. दिवा दिसतो, म्हणून आपण दिव्याच्या मागे लागतो. पण उजेड पाडायला आता फारच कमी वीज लागते. उष्णता निर्माण करायला मात्र पूर्वी लागायची तितकीच लागते, कारण पाणी तापवायचा नियम कोणत्याही तंत्रज्ञानाने बदललेला नाही.

दहा मिनिटांचा शॉवर घ्या. मिनिटाला 9 लिटर धरले तर 90 लिटर पाणी. ते 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला साधारण 2.1 युनिट ऊर्जा लागते. तेवढ्यात 9 वॉटचा एलईडी दिवा नऊ दिवसांहून जास्त, रात्रंदिवस, जळत राहील. आता चार्जर. चांगल्या प्रतीचा आधुनिक चार्जर फोन न लावता नुसता भिंतीत राहिला तर 0.1 वॉटच्या आसपास वीज खातो. वर्षभराची बेरीज होते एका युनिटपेक्षाही कमी. म्हणजे वर्षभर आठवणीने चार्जर काढून जे वाचवलं, ते एका लांबलेल्या आंघोळीत अर्ध्यावरच संपतं.

हीच आंघोळ पाच मिनिटांत उरकली आणि मिनिटाला 6 लिटर सोडणारा शॉवर लावला, तर पाणी 30 लिटर आणि ऊर्जा 0.7 युनिट. रोजची तफावत 1.4 युनिट, माणशी. चार जणांच्या घरात वर्षाचे दोन हजार युनिट होतात. शॉवरचं तोंड बदलणं हे एकदाच करायचं काम आहे. दिवा बंद करणं दिवसातून दहा वेळा आठवावं लागतं. दोन्ही करा, पण एकच जमणार असेल तर माझं मत शॉवरच्या बाजूने आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. पाणी साठवणाऱ्या गिझरचं तापमान वाटेल तितकं खाली आणू नये. लीजिओनेला नावाचे जिवाणू 20 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात, म्हणून साठवलेलं पाणी 60 अंशांवर ठेवण्याची शिफारस असते. बचत करायची ती टाकीला आणि नळीला चांगलं वेष्टण करून आणि पाणी कमी वापरून. नवा हीटर घ्यायचाच असेल तर उष्णता-पंप पाहावा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

स्वयंपाकाच्या बाबतीत गॅस की इंडक्शन याचं सरळ उत्तर नाही. गॅसच्या शेगडीवर ज्योतीची साधारण 40 टक्केच उष्णता भांड्यात जाते, बाकीची आजूबाजूने निसटते. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास भांड्यात उतरते. इथवर इंडक्शनची बाजी. पण तुमची वीज मुख्यतः कोळशावर बनत असेल, तर वीजकेंद्रातच दोन-तृतीयांश उष्णता वाया गेलेली असते आणि कार्बनच्या हिशेबात इंडक्शन मागे पडते. वीज पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची किंवा अणुऊर्जेची असेल तर इंडक्शन सहज पुढे. घरातल्या हवेचा विचार केला तर मात्र इंडक्शनच बरं, कारण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड स्वयंपाकघरात पसरतो. आणि झाकण ठेवून शिजवणं दोन्हीकडे फायद्याचं, त्यात वादच नाही.

कपडे वाळवायच्या यंत्राऐवजी दोरी, एसीऐवजी जमेल तेव्हा पंखा. पंख्याला 30 ते 75 वॉट, एसीला हजाराच्या वर. इथे तुलना करायलाही फारसं काही उरत नाही.

जुनी वस्तू चालवावी की नवी, कमी वीज खाणारी घ्यावी?

या प्रश्नात माणसं सर्वांत जास्त अडकतात. "जुनं टाकू नका" आणि "नवं पाच तारांकित घ्या" हे दोन्ही सल्ले एकाच वेळी कानावर पडतात आणि दोन्ही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या वस्तूंसाठी.

फोन घ्या. त्याच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला सुमारे 80 टक्के भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. हे फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्याच अहवालांत दिसतं. रोज चार्ज करायला वर्षभरात सात-आठ युनिट लागतात, म्हणजे काहीच नाही. तेव्हा "नवा फोन वीज कमी खातो" हा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. बॅटरी बदला, काच बदला, दोन वर्षं जास्त वापरा. लॅपटॉपचंही तेच. 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. त्यामुळे "मी जुना फोन पुनर्वापरासाठी दिला" यावर फार विसंबू नये.

फ्रिजचं उलट आहे. तो दिवसरात्र चालतो आणि त्याच्या उत्सर्जनाचा मोठा भाग विजेतून येतो. पण म्हणून लगेच नवा आणायला धावू नका. आधी दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढून पाहा. ती सहज सुटून आली तर रबर सैल झालंय. नुसतं रबर बदलता येतं. मागची जाळी धुळीने भरली असेल तर साफ करा, भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं पुढे ओढा. आतलं तापमान 4 अंश आणि फ्रीझरचं उणे 18 पुरे असतं. त्याखाली जाणं म्हणजे नुसता खर्च. मग प्लगमध्ये लावायचा वीजमापक आणून आठवडाभर मोजा. पंधरा-वीस वर्षांचा फ्रिज नव्याच्या दुप्पट-तिप्पट वीज खाताना दिसला तर बदलण्यात अर्थ आहे.

बदलताना दोन गोष्टी बघाव्यात. जुन्या फ्रिजमध्ये थंडावा आणणारा वायू आर-134ए असेल, तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा 1,300 पटींहून जास्त तापमान वाढवणारा असतो. तो हवेत सोडणाऱ्या भंगारवाल्याऐवजी वायू काढून घेणाऱ्या केंद्राकडेच फ्रिज गेला पाहिजे. नव्यात आर-600ए असावा, त्याची पट अगदी तीनच्या आसपास. एसी घेतानाही आर-410ए आणि आर-32 यांत आर-32 निवडा: पहिल्याची पट सुमारे 2,088, दुसऱ्याची 675. दुसरी गोष्ट जास्त साधी. जुना फ्रिज दुसऱ्या खोलीत नेऊन थंड पाण्यासाठी चालूच ठेवला, तर बचत झालीच नाही, उलट खर्च वाढला.

अन्न: जवळून आलेलं की वेगळ्या प्रकारचं?

"जवळ पिकलेलं खा" हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, शेतकऱ्याशी नातंही जोडतो. पण उत्सर्जनाच्या तराजूत वाहतुकीचं पारडं हलकं आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी 2018 मध्ये 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती एकत्र केली. तिच्यातून दिसलं की अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण 6 टक्केच आहे. विमानाने येणारा नाशवंत माल याला अपवाद. तापवलेल्या काचगृहात बिनहंगामी वाढवलेली भाजी जवळची असली तरी दूरच्या हंगामी भाजीपेक्षा जड पडू शकते.

खरं अंतर आहे ते पदार्थाच्या प्रकारात. 100 ग्रॅम प्रथिनांमागे, मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या मांसाचं सरासरी उत्सर्जन 50 किलो. चीजचं सुमारे 11, कोंबडीचं 5.7, अंड्यांचं 4.2, टोफूचं (सोयाबीनच्या पनीरचं) 2, आणि वाटाण्याचं अर्ध्या किलोहूनही कमी. गुरांचं जास्त असण्यामागे रवंथ करताना बाहेर पडणारा मिथेन आहे, आणि चराईसाठी-चाऱ्यासाठी तोडलेलं जंगलही. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग शाकाहारी लोकांसाठी आहे: मांस सोडून चीज दुप्पट केलं तर कोंबडी खाणाऱ्यापेक्षा उत्सर्जन जास्त होऊ शकतं. दुधाच्या जड पदार्थांची जागा कडधान्यांनी घेतली तर शाकाहाराचा पूर्ण फायदा पदरात पडतो.

आणि मग वाया जाणारं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. उपाहारगृहं आणि दुकानं मिळून उरलेलं. उरलेल्या अन्नाचं खत केलं की मनाला समाधान मिळतं, आणि खत करणं कचऱ्याच्या ढिगापेक्षा नक्कीच चांगलं, कारण ढिगाखाली हवेविना कुजताना मिथेन तयार होतो. पण पिकवायला, आणायला, शिजवायला लागलेली ऊर्जा खतातून परत मिळत नाही. साली, देठं, चहाचा चोथा यांचं खत करावं. शिजवलेलं अन्न रोज खताच्या डब्यात जात असेल, तर माप कमी करायची वेळ आली आहे.

कापडी की प्लास्टिकची पिशवी?

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या अभ्यासात सुती पिशवीची तुलना दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीशी केली होती. फक्त हवामानाचा विचार केला तर सुती पिशवी किमान 52 वेळा वापरावी लागते, तेव्हा ती बरोबरीला येते. पाण्याचा वापर, ओझोन थराची हानी, खतांमुळे होणारं प्रदूषण असे सगळे निकष धरले तर 7,100 वेळा. या आकड्यावरून कापडी पिशवीची थट्टा करणारे एक गोष्ट सोडून देतात: उघड्यावर पडलेलं, गटारात अडकलेलं, जनावरांच्या पोटात गेलेलं प्लास्टिक या अभ्यासात मोजलेलंच नव्हतं. तेव्हा कचऱ्याच्या बाजूने कापड, कार्बनच्या बाजूने बरोबरी, आणि दोन्ही बाजूंनी सर्वांत चांगली पिशवी म्हणजे घरात आधीच पडून असलेली, मग ती कशाचीही असो. कार्यक्रमात फुकट मिळणारी नवी कापडी पिशवी नम्रपणे नाकारा.

कचरा वेगळा करताना सगळ्यांत आधी अ‍ॅल्युमिनियम. ते पुन्हा वितळवायला खाणीतून नवं काढण्यापेक्षा सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते. प्लास्टिकचं चित्र निराश करणारं आहे. 2015 पर्यंत जगात झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी फक्त 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला होता. त्यामुळे तिथे न घेणं हाच खरा पर्याय.

प्रवास, आणि घर कुठे घ्यायचं

एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाचं वजन पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलो, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. बाकीचं वजन जळताना हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं असतं. विजेची मोटार 100 किलोमीटरला 15 ते 20 युनिट घेते, विजेची सायकल एक-दीड युनिट. दोघींना "इलेक्ट्रिक" म्हणून एका रांगेत उभं करणं चुकीचं आहे. चार-पाच किलोमीटरच्या कामांसाठी दुसरी मोटार घ्यायचा विचार असेल, तर आधी सायकल पाहा.

पण गाडी कोणती घ्यायची यापेक्षा मोठा निर्णय घर निवडताना होऊन जातो, आणि त्या वेळी पर्यावरण कोणाच्या डोक्यात नसतं. समजा दोन घरं पसंत पडली. एक लहान, कामाच्या ठिकाणापासून पायी जाण्याजोगं. दुसरं एक खोली जास्त, पण 10 किलोमीटर दूर. दुसऱ्या घरातून वर्षाचे 240 दिवस गाडीने ये-जा केली तर 4,800 किलोमीटर होतात. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 320 लिटर पेट्रोल, म्हणजे जवळजवळ पाऊण टन कार्बन डायऑक्साइड, दरवर्षी, त्या घरात राहाल तोवर. जास्तीची खोली थंड किंवा उबदार ठेवायचा खर्च त्यावर वेगळा. दूरच्या घरापासून चांगली बस किंवा रेल्वे असेल तर हा हिशेब पुष्कळ बदलतो, म्हणून घर पाहायला जाताना एकदा तरी कामाच्या वेळेला, गाडी न नेता, तिथून निघून पाहा.