फसलेल्या एजंट-रनचं निदान, आख्खा लॉग न ओतता: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या टीममध्ये कोडिंग एजंटचा (स्वतः कमांड चालवत कोड लिहिणाऱ्या एआयचा) रन फसला की त्याचा आख्खा लॉग, म्हणजे पायऱ्यांची नोंद, निदान करणाऱ्या मॉडेलपुढे ओतायचा नाही, असा नियम गेले काही महिने आहे. प्रत्येक स्टेपची एक ओळ एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जाते: टूल कुठलं, कमांड काय, एक्झिट कोड (शून्य म्हणजे यशस्वी), लागलेला वेळ, टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे). पूर्ण आउटपुट वेगळ्या टेबलात. निदान करणाऱ्या मॉडेलला आधी फक्त ही यादी मिळते. पुढे स्टेप उघडायला एक आणि शब्द शोधायला एक, अशी दोनच रीड-ओन्ली टूल्स. एका वेळी 2,000 अक्षरं, खाली 'अजून इतकी बाकी'.

टोकनचा खर्च उतरला, पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. सगळा लॉग दिला की मॉडेल शेवटच्या एररला धरून बसतं, आणि ती बहुतेकदा नुसता परिणाम असते. मूळ भानगड मधेच कुठेतरी झालेली असते, आणि लांब संदर्भाच्या (मॉडेलपुढे ठेवलेल्या मजकुराच्या) मधला भाग मॉडेलं कमी नीट वापरतात हे 2023 पासून प्रयोगांत दिसलेलं आहे.

सगळ्यात जास्त वेळा पकडला गेला तो पाइप. बिल्डचं आउटपुट 'हेड' या फक्त वरच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडमध्ये पाइप करून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देऊन) पहिल्या वीस ओळी बघायची एजंटला भारी हौस. पाइपफेल ही सेटिंग लावलेली नसेल तर बॅश (कमांड चालवणारं शेल) पाइपलाइनमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड देतं. बिल्ड पुढे आपटलं तरी 'हेड' खुशाल शून्य देतं, एरर कापली गेलेली असते आणि एजंट 'झालं' म्हणून पुढे निघतो. लॉगमध्ये 'एरर' शोधून हे सापडणार कसं? यादीत मात्र कमांड आणि शून्य शेजारी दिसतात, आणि मॉडेल बरोबर तीच स्टेप उघडतं.

कापाकापीत एक काळजी घ्या. कंपायलरची कामाची एरर सहसा वर असते, पायटेस्ट या चाचणी-टूलचा गोषवारा तळाशी. म्हणून आम्ही निम्मी अक्षरं वरची, निम्मी खालची देतो.

मराठी डेटा असणाऱ्यांसाठी खास: पायथनचं जेसन मॉड्यूल (डेटा मजकुरात साठवणारं) सेटिंग न बदलता वापरलं तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा सहा अक्षरी कोड करून ठेवतं. 'पुणे' लिहिलं की 24 अक्षरं. जागा जातेच, वर लॉगमध्ये 'पुणे' शोधलं तर काहीच सापडत नाही. एन्शुअर-आस्की ही सेटिंग बंद करा, पहिल्याच दिवशी.

जिथे काहीच आपटत नाही, फक्त उत्तर चुकतं, तिथे ही व्यवस्था लंगडी पडते. लांब रनमध्ये संदर्भाचा सारांश होताना मूळ सूचनेतली एखादी अट गळते. टूलच्या यादीत त्याचा मागमूसही नसतो. त्यासाठी सारांशाची पायरीही स्टेप म्हणून नोंदवायला लागलो. त्याच कामाचा यशस्वी रन शेजारी ठेवून वाट कुठे फुटली ते बघणं उपयोगी, पण टेंपरेचर (उत्तरातला यादृच्छिकपणा ठरवणारी सेटिंग) शून्य ठेवूनही दोन रन तंतोतंत सारखे येतीलच असं नाही, त्यामुळे निरुपद्रवी फरकच ढीगभर निघतात. तिथे अजून माणूसच बसतो.

मॉडेल कधीकधी नुसती यादी बघूनच निदान ठोकून देतं. आता स्टेपचा नंबर आणि तिथली ओळ दिल्याशिवाय उत्तर धरत नाही. लॉगमधल्या एपीआय की (सेवांच्या गुप्त किल्ल्या) मात्र लिहितानाच झाका, नंतर नाही.

दहा-बारा स्टेपचे रन असतील तर एवढा पसारा मांडू नका. जेएसओएनएल फाइल (ओळीला एक जेसन नोंद) आणि ती चाळायला जेक्यू हे टूल पुरे.