पीआयसीयूमधील नर्स प्रॅक्टिशनर: सेवा उत्तम, नियमांची माहिती अपुरी

टेक्सासमधील एका बालरुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात (पीआयसीयू) आमच्या सात महिन्यांच्या मुलीवर आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूमुळे झालेल्या ब्रॉन्किओलायटिससाठी, म्हणजे फुप्फुसांतील लहान श्वासनलिकांच्या दाहासाठी, उपचार झाले. रात्रभर तिची जबाबदारी प्रामुख्याने एका नर्स प्रॅक्टिशनरकडे, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण उच्च प्रशिक्षणामुळे रुग्ण तपासून उपचार ठरवू शकणाऱ्या परिचारिकेकडे होती, आणि भारतातून आलेले पालक नेमके येथेच गोंधळतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

बाळाच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, तेव्हा त्या लगेच आल्या, छाती तपासली, हाय फ्लो ऑक्सिजनचा (नाकातून वेगाने दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचा) प्रवाह स्वतः वाढवला, रक्तवायूंची तपासणी सांगितली आणि श्वासनलिकेत नळी घालावी लागली तर काय करायचे हे आमच्यासमोरच अटेंडिंग डॉक्टरांशी, म्हणजे रुग्णाची अंतिम जबाबदारी असलेल्या वरिष्ठ डॉक्टरांशी, फोनवर ठरवले. ती वेळ आली नाही. त्यांच्या हातात आमचे बाळ सुरक्षित होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौकशी केल्यावर नियम समजले, आणि ते मला अत्यंत विचारपूर्वक केलेले वाटले. दवाखान्यात बालकांची नियमित तपासणी करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरला येथे नेमत नाहीत. गंभीर आजारी बालकांसाठीचे वेगळे प्रशिक्षण आणि वेगळे प्रमाणपत्र लागते. ते असूनही नळी घालणे, सेंट्रल लाइन (मोठ्या रक्तवाहिनीत नळी) टाकणे, पाठीच्या कण्यातील पाणी काढणे या प्रत्येक कामाची परवानगी रुग्णालय स्वतंत्रपणे देते, तीही देखरेखीखाली ते काम करून दाखवल्यानंतरच. राज्याचा कायदा ही त्याहून बाहेरची चौकट आहे. ॲरिझोना किंवा वॉशिंग्टनमध्ये नर्स प्रॅक्टिशनर कायद्याने स्वतंत्रपणे काम करू शकतात, तर टेक्सासमध्ये औषधे लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांनी लेखी सोपवावा लागतो. मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखी औषधे लिहिण्यावर येथे आणखी कडक मर्यादा आहेत; मात्र 2013 च्या कायद्याने रुग्णालयात चोवीस तास किंवा अधिक काळ राहणाऱ्या रुग्णांसाठी त्यांना तशी मुभा दिली, आणि व्हेंटिलेटरवरील बालकाला मध्यरात्री वेदनाशामक हवे असते तेव्हा ही मुभा किती मोलाची ठरते, हे सांगायला नको.

माझी तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. यातील एकही गोष्ट आम्हाला दाखल होताना कोणी सांगितली नाही. खोलीतील फळ्यावर परिचारिकेचे आणि नर्स प्रॅक्टिशनरचे नाव होते, अटेंडिंगच्या नावाची जागा मात्र रात्रभर कोरी होती, त्यामुळे डॉक्टर इमारतीत आहेत की घरी, हेही आम्हाला कळत नव्हते. दाखल होताना मिळणाऱ्या फोल्डरमध्ये वाहनतळाचे दर आणि उपाहारगृहाच्या वेळा छापलेल्या असतात. रात्री निर्णय कोण घेते, कोणत्या निर्णयासाठी अटेंडिंगना कळवणे बंधनकारक आहे आणि पालकांनी त्यांना बोलावण्याची विनंती कोणाकडे करायची, एवढे एक पान त्यात सहज मावेल. तोवर या विभागात येणाऱ्या पालकांनी पहिल्याच संध्याकाळी चार्ज नर्सला (त्या पाळीच्या प्रमुख परिचारिकेला) हे तीन प्रश्न विचारावेत. आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी न कंटाळता सगळे समजावून सांगितले.